केळी पिकवायच्या खोलीतली कोरी चिप

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाहीये.

बुऱ्हाणपुरात मी इलेक्ट्रॉनिक्सची छोटी-मोठी यंत्रं बनवतो. निंबोल्याला एका शेठची केळी पिकवायची खोली आहे. तिथलं तापमान टिपून ठेवणारा डबा माझाच. आत नखाएवढी चिप, आणि चिपवर नोंदी नीट लावून ठेवणारी हलकीशी फाइल सिस्टिम. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीच्या नोंदी शाबूत राहतात — हे शेठला किती तोऱ्यात सांगितलं होतं मी!

राहतातही हो. पुढे जो घोळ झाला, तो त्या फाइल सिस्टिमचा नव्हताच. नवी चिप बसवली की आधी फॉरमॅट करावी, म्हणजे पुसून तयार करावी लागते. प्रत्येक वेळी कोण करणार? म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली — चिप वाचता आली नाही, तर ती नवी समज आणि पुसून घे. आळस, दुसरं काय?

मग एकदा खोलीतली केळी उकडून काळी पडली. खोली वसंतभाऊ सांभाळायचे. ते सांगत होते, "दोन दिवस लाइट येत-जात होती, दर वेळी मी कूलिंग चालू केलं." शेठचा विश्वास बसेना. नोंदी असत्या, तर खरंखोटं तिथेच कळलं असतं. डबा तपासला — कोरा. शेठने मला विचारलं, "भाऊ, रेकॉर्ड गेला कुठे? अपने आप तर नाही मिटत ना?"

मला क्षणात कळलं. वीज डळमळत परत आली, चिप पहिल्या दमात वाचली गेली नाही, आणि माझ्या त्या ओळीनं सगळं पुसलं. कळलं — आणि तोंडातून निघालं, "कुणी हात लावल्याशिवाय नाही."

का? भीती? की ऐट? अजून उमजत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. वसंतभाऊंचं काम त्याच दिवशी सुटलं, लबाड म्हणून नाव झालं ते वेगळंच. मी ती ओळ काढून टाकली, गुपचूप.

परवा ते तुकईथडच्या बसपाशी भेटले. आता तिकडे कपाशीत मजुरीला जातात. वाटलं, शिव्या घालतील. त्यांनी नमस्कार केला, आणि हळूच विचारलं, "साहेब, माझ्याच हातून एखादं बटन दबलं असेल का हो?"

त्या डब्याला बटणच नाही. मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना.

मी म्हणालो, "असेल, भाऊ."