शेजाऱ्यांची तक्रार

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा रविवार, आमच्या चर्चमधला कापणीचा सण. लोकांनी देवाला वाहिलेल्या पिकाच्या लिलावात एक लाल भोपळा एकवीसशे रुपयांना गेला — घेणारा मी. हजर होती सगळी मंडळी, पाळकसाहेब आणि भिंतीपलीकडचे शेखचाचा. त्या दिवशी माझ्या खांद्यावर शाल पडली. ती पडायला नको होती. का, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

नाशिकरोडकडचं आमचं चर्च लहान. मी तिथला खजिनदार. पूर्वी दर शनिवारी संध्याकाळी व्हरांड्यात भजन व्हायचं. ढोलकी शांतवनमामांची — रेल्वेतून रिटायर झालेले, सगळ्यांचेच मामा. मी टाळ वाजवायचो. एकदा माझा ठेका सुटला. मामा थांबले आणि म्हणाले, "खजिनदार, तुम्ही हिशेब सांभाळा, ताल आम्ही सांभाळतो!" सगळे हसले. माझी बायको जरा जास्तच.

एवढंच. खरंच, एवढंच झालं होतं.

पुढच्या कमिटीत मी म्हणालो — भजनाच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आहे. कुणाची? "नावं नकोत, उगाच संबंध बिघडतात." दोन रुपयांचा फरक निघाला तरी ज्याला झोप लागत नाही, त्याच्या शब्दावर कोण शंका घेणार? तक्रार कुणाचीच नव्हती. सहा वर्षं व्हरांडा शनिवारी गप्प राहिला.

हळूहळू बाकं रिकामी झाली. तरुण पोरं आधी गेली, मग त्यांचे आईबाप. मी मागच्या बाकावरून डोकी मोजायचो आणि म्हणायचो, काळच वाईट आलाय.

मग नवे पाळकसाहेब आले. म्हणाले, "आपले आजार सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आपलं बळ कशात आहे, ते विचारू या." घरोघर जाऊन विचारायला माणूस काटेकोर हवा — म्हणून कोण? मी.

पहिलं घर मार्थाबाईंचं. दवाखान्यात नर्स होत्या, आता घरीच असतात. त्या म्हणाल्या, "शनिवारचं भजन. आमचे हे गेले तेव्हा आठवडाभर घास उतरत नव्हता. त्या शनिवारी मामांनी ढोलकी धरली, आणि घरी येऊन मी जेवले. मेले ते शेजारी, त्यांचं काय जात होतं हो?"

मी चहा पिऊन उठलो. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. ज्यांनी चर्च सोडलं होतं, त्यांच्याकडेही तेच. आपणच बुजवलेली विहीर लोक आपल्यालाच बोट करून दाखवतात — तेव्हा माणसानं कुठे बघायचं?

सभेत मी सगळं खरं सांगितलं. भजन हेच आपलं बळ. "मग अडचण काय?" पाळकसाहेबांनी विचारलं. "शेजारी," कुणीतरी म्हणालं. सगळे माझ्याकडे वळले. दार उघडं होतं. बोलायचं होतं फक्त. बोललो का?

मी म्हणालो, "मी भेटतो त्यांना."

गेलो. कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. परत येऊन सांगितलं — मानले.

आणि काय सांगू तुम्हाला! पहिल्याच शनिवारी व्हरांडा पुरला नाही. पोरं परत आली, त्यांच्या मागे आईबाप. भजनानंतर लोक थांबू लागले, कोण आजारी आहे, कुणाची फी राहिली आहे, ते तिथेच कळू लागलं, तिथेच निभावू लागलं. रविवारी खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागल्या. कापणीच्या सणाला इगतपुरीहून तांदळाची पोती आली, लासलगावहून कांदे. आमची मंडळी उठून उभी राहिली — हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याचा आनंद खोटा नव्हता.

फक्त मामा ढोलकी वाजवत नव्हते. त्या सहा वर्षांतल्या शेवटच्या वर्षी त्यांचा डावा हात लुळा पडला. आता ढोलकी मार्थाबाईंची मुलगी धरते. चांगली धरते. पण मामांच्या हातात आणखी पाच वर्षांची ढोलकी होती. ती मी काढून घेतली.

सणाला मला शाल दिली — शेजाऱ्यांची समजूत घातल्याबद्दल. मग पाळकसाहेबांनी शेखचाचांचेही आभार मानले आणि माइक त्यांच्या हाती दिला. चाचा गोंधळले. "तक्रार? हां, एक थी ना. भजन बंद का केलं, हीच तक्रार! हमारा तो शनिवार सूना हो गया था."

चाचा गंमत करतात असं वाटून लोक पोट धरून हसले. टाळ्या पडल्या. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले — मग शालीकडे — मग पुन्हा माझ्याकडे. उजव्या हातानं त्यांनी टाळ उचलले आणि माझ्यापुढे धरले.

"घ्या, खजिनदार. ताल चुकला तरी चालेल."

मी वाजवले. चुकलो.

भोपळा मामांच्याच परसातला होता. त्याचे एकवीसशे रुपये त्याच दुपारी चर्चच्या पेटीत भरले. मामांना काहीच दिलेलं नाही.