खाऱ्या पाण्याची टाकी

लातुरात पाण्याची रेल्वे येत होती, त्याच उन्हाळ्यात उद्धव सरांनी ऑफिसच्या टेबलावर समुद्र मांडायचं ठरवलं. माणसाला खूळ लागायला मुहूर्त लागत नाही हे कबूल, पण खुळानं निदान पाऊसमान तरी बघावं! नळ कधी सुटेल हे खुद्द नळ सोडणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. क्लासच्या होस्टेलमध्ये दोन पोरं एका बादलीत आंघोळ उरकत होती. आणि पंचवीस-एक वर्षं बायोलॉजी शिकवून केस पांढरे केलेला हा शहाणा माणूस हैदराबादहून समुद्री मिठाची पिशवी मागवत होता.

कारण एकच होतं, आणि ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुग्धा येणार होती.

मुग्धा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकायला गेली, ती लातूरला परत आलीच नाही. सुट्टीत पुण्याला मामाकडे यायची आणि आई, इंदूताई, तिकडे जाऊन लेकीला भेटून यायच्या. बापाशी बोलणं म्हणाल तर फोन आईच्या हातात असताना मागून आलेलं ‘बरी आहे म्हणावं’ इतकंच. आता तिला अंदमानात पोवळ्यांवर संशोधन करायचं काम मिळालं होतं आणि जाण्याआधी एक दिवस ती घरी येणार होती. कागदपत्रं न्यायला, असं ती म्हणाली होती. उद्धव सरांना तेवढा एक दिवस पुरणार होता, किंवा पुरवायचा होता.

त्यांचं आणि तिचं कुठं बिनसलं, हे सांगायचं तर भूकंपाच्या पहाटेपर्यंत मागं जावं लागतं. सरांचं गाव औसा तालुक्यातलं. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं, आणि उठायच्या आत दगडमातीखाली गेलं. सरांची धाकटी बहीण सिंधू हिला त्यांनी हातांनी माती उकरून बाहेर काढलं, जिवंत काढलं. लिंबाच्या झाडाखाली ती पडून होती, बोलत होती. डॉक्टर येतोय, येतोय असं जो तो म्हणत राहिला. डॉक्टर आला तेव्हा दुपार झाली होती आणि सिंधू बोलायची थांबली होती. त्या झाडाखाली बसून उद्धव सरांनी मनाशी काय घेतलं असेल ते घेतलं. पुढं लातुरात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी क्लास काढला, शेडची इमारत झाली, आणि इतरांच्या घरी डॉक्टर घडवता घडवता आपल्या घरी एक झालाच पाहिजे, ही त्यांची जिद्द नव्हे, हट्ट होऊन बसला.

मुग्धाचा मेडिकलला नंबर लागला नाही. मग बापाच्याच क्लासमध्ये रिपीटर म्हणून तिला मागच्या बाकावर बसवलं. दर रविवारच्या टेस्टचे मार्क सर मोठ्यानं वाचायचे आणि तिचेही वाचायचे. सवलत नको, सगळी पोरं सारखी, असं त्यांचं म्हणणं. न्याय म्हणून ठीक होतं, पण बाप म्हणून ते किती निर्दय होतं, हे त्यांना फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा ती समुद्राच्या काठी होती, आणि आपलं चुकलं हे शब्द तोंडातून काढायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

म्हणून ही टाकी. तोंडानं जे निघत नाही ते टेबलावर मांडून ठेवायचं. ती येईल, बघेल, समजेल.

मूळचा उदगीरचा आणि आता लातुरात रंगीत माशांचं दुकान चालवणारा बसलिंगप्पा याला त्यांनी गाठलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “सर, गोल्डफिश न्या की हो! खाऱ्या पाण्याचं लई नाजूक काम असतंय. माझ्या घरची एक टाकी सोडली तर गावात दुसरी न्हाई.”

“मग त्या एका टाकीवरून शिकव मला,” सर म्हणाले.

बसलिंगप्पा काय बोलणार! त्यानं शिकवलं. नुसतं पाणी आणि मीठ कालवून समुद्र होत नाही. त्यात न दिसणारे जंतू वाढावे लागतात, ते माशांची घाण पचवतात, आणि त्याला महिना दीड महिना जातो. एवढा वेळ नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या जुन्या टाकीतले दगड काढून दिले. दुधाला विरजण लावावं तसं. टाकी लहानशीच, टेबलाच्या कोपऱ्यावर बसणारी. खाली पांढरी वाळू, मधे दगड, पाणी फिरवत ठेवणारी छोटी मोटर, वर निळसर दिवा आणि पाणी तापू नये म्हणून एक पंखा.

“एक गोष्ट ध्यानात ठेवा,” बसलिंगप्पानं बजावलं. “वाफ होते ती पाण्याची. मीठ आतच राहतंय. म्हणून पाणी कमी झालं की वरून खारं घालायचं न्हाई. जारचं घालायचं, फिल्टरचं, एकदम निर्मळ.”

हे सरांना कळायला वेळ लागला नाही. बाष्पीभवन त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. पण पंख्याखाली ते पाणी रोज असं उडायचं की रोज तांब्या-दोन तांबे जारचं पाणी लागायचं, आणि ते पाणी म्हणजे त्या वर्षी सोनं. होस्टेलच्या पोरांना जार पुरत नव्हते. सर दार लोटून घ्यायचे, चोरासारखे इकडे तिकडे बघायचे आणि पिण्याचं पाणी टाकीत ओतायचे. 

आधी मासा आला. केशरी अंगावर पांढरे पट्टे, हैदराबादेत टाकीतच जन्मलेला. मागून दगडाच्या चकतीवर चिकटवलेलं, तेही टाकीतच वाढवलेलं, एक मऊ पोवळं आलं. दोन दिवस ते मिटून राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावला तर त्याची हिरवी तोंडं उमललेली. ऑफिस झाडणाऱ्या केवळाबाई झाडू टाकून बघत राहिल्या.

“ह्ये काय म्हणायचं, सर?”

“पोवळं.”

“अंगठीतलं पवळं? त्ये जित्तं असतंय व्हय!” केवळाबाईंनी तोंडावर पदर घेतला. “माय माय! आन् आपण बोटात घालून फिरतोय.”

सर कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. त्या सकाळी त्यांना वाटलं, जमलं. मुग्धा समोरच्या खुर्चीवर बसेल, आपण काहीच बोलायचं नाही, फक्त दिवा लावायचा. या एका प्रसंगाची त्यांनी मनातल्या मनात इतकी उजळणी केली की तेवढी कुठल्या पोरानं केली असती तर मेरिटला आला असता.

आणि नेमकं तेव्हाच नांदेडचं शिबिर आलं. शब्द फार आधी दिलेला, शेकडो पोरं जमणार, मोडता येईना. मुग्धा यायच्या दिवशी दुपारी परत पोचायचं, असा हिशेब करून ते निघाले. निघताना ऑफिसात पालकांची गर्दी होती. ‘सर, पोरांना प्यायला तरी पाणी द्या’ म्हणून ते आले होते. एका बाईच्या हातात रिकामा कॅन होता. त्या कॅनसमोर सरांची जीभ रेटेना. जारचं पाणी टाकीत घाला असं केवळाबाईंना सगळ्यांदेखत कसं सांगायचं? ते दारातूनच म्हणाले, “केवळाबाई, टाकीतलं पाणी कमी झालं की घालत जा. खाऱ्या पाण्याची टाकी आहे ती, ध्यानात ठेवा.”

“हाव सर. ठिवते की ध्यानात.”

त्यांनी ठेवलंही. आता लातुरात ‘खारं पाणी’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही विचारा. खारं म्हणजे बोअरचं. भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं, डाळ शिजू न देणारं, धुण्याला आणि फरशीला वापरायचं ते. प्यायचं ते गोड. समुद्राचा इथं काय संबंध! खाऱ्या पाण्याचा मासा आहे, त्याला खारं पाणी लागतं, आणि देवाच्या दयेनं क्लासच्या बोअरला अजून बादलीभर का होईना खारं येत होतं. केवळाबाईंनी पाणी घातलं. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, इतक्या दिवसांचं पाणी शिळं झालं असेल. घरी माठातलं शिळं पाणी आपण ठेवतो का? म्हणून त्यांनी निम्मं काढून अंगणातल्या तुळशीला घातलं आणि टाकी ताज्या पाण्यानं काठोकाठ भरली. मायेनं भरली.

मुग्धा येणार त्या दिवशी सर लोहा, अहमदपूर करत एस.टी.नं आले आणि घरी न जाता थेट ऑफिसात शिरले. खांद्यावर नांदेडच्या सत्काराची शाल तशीच. दिवा लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोवळं वितळल्यासारखं चकतीवर लोंबत होतं. मासा एका कुशीवर, वाळूला टेकलेला, कल्ला जोरात हलतोय.

“केवळाबाई, पाणी कुठलं घातलं?”

“खारंच घातलं सर, बोअरचं. गोडाला हात न्हाई लावला.” त्यांच्या तोंडाकडे बघून ती बाई चरकली. “माझ्या हातनं काय चुकलं का?”

 कुणाला बोलणार? चुकीचा शब्द एकही नव्हता. “नाही,” ते म्हणाले, “तुम्ही नाही चुकलात.”

त्यांनी बसलिंगप्पाला फोन लावला. तो म्हणाला, “घाई करू नका. मीठ कालवलेलं पाणी थोडं थोडं घाला, एकदम घातलं तर मासा राहायचा न्हाई.” थोडं थोडं! ज्या माणसानं वर्षाचा अभ्यास महिन्यात उरकायचे क्रॅश कोर्स चालवले, त्याला आता थोडं थोडं जमायला हवं होतं, आणि मुलगी संध्याकाळी येणार होती. त्यांनी होस्टेलच्या दारातला शेवटचा जार उचलला. पोरं बघत होती, उन्हानं सुकलेल्या तोंडांनी. आता त्यांना कशाचीच लाज उरली नव्हती. बादलीत मीठ ढवळलं, कोपरापर्यंत बाह्या भिजल्या. टेबलावरचा फोन वाजत राहिला. इंदूताईंचा होता, पण ओल्या हातानं त्यांनी तो उचलला नाही. एक तांब्या घालायचे, थांबायचे, मग न राहवून दुसरा घालायचे. ‘अरे तग धर, तग धर,’ असं ते पुटपुटत होते. भूकंपानंतर इतक्या वर्षांत त्यांनी असे हात जोडले नव्हते.

तेवढ्यात लाईट गेली. मोटर थांबली. मासा हळूच वर आला आणि पाण्यावर आडवा झाला.

दारात चपला वाजल्या. “बाबा?”

मुग्धा आत आली, तेव्हा टाकीवर सत्काराची शाल होती. सरांनी खांद्यावरून ओढून कधी टाकली ते त्यांनाही कळलं नाही. एका हातानं त्यांनी ती धरून ठेवली होती. उन्हानं रापलेली, केस बारीक कापलेली ही मुलगी क्षणभर त्यांना ओळखूच आली नाही.

“आई फोन करून करून थकली. शेवटी म्हटलं, मीच भेटून जाते. कागदपत्रं घेतली, आता रात्रीचीच गाडी आहे मला. काय करत होता?”

“काही नाही. टेबल पुसत होतो.”

ती पालकांच्या खुर्चीवर बसली. भिंतीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो होते, त्यांच्यावरून तिची नजर फिरून खाली आली. सर उभेच राहिले. ‘शाल काढ,’ असं ते स्वतःला सांगत होते. काढ आणि म्हण, बघ, जमलं नाही मला, पण तुझ्यासाठी केलं होतं. नापास झालेला पेपर लेकीच्या हातात देण्याइतकं सोपं होतं ते. हात हलला नाही.

“अंदमानला पाण्याचं कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“समुद्राच्या मधोमध आहे ते, बाबा.”

“ते झालं. प्यायचं?”

“मिळतं.” ती किंचित हसली. मग हसू गेलं. “बाबा, एक सांगू? मला वाटायचं, एकदा तरी तुम्ही विचाराल. काय शिकते, कशावर काम करते. मामानं विचारलं, मामीनं विचारलं. आईला तर आता पोवळ्यांची नावंसुद्धा पाठ आहेत.”

सरांनी शाल आणखी घट्ट धरली.

“तुम्ही कधी जिवंत पोवळं बघितलंय?”

शालीखाली बोटांना काच लागत होती. दारापाशी उभ्या केवळाबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या तिथंच थिजल्या.

“नाही,” सर म्हणाले. “लातुरात कुठं बघणार?”

“खरंय,” मुग्धा म्हणाली. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला त्यांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा तो ओला असल्याचं तिला जाणवलं असणार. तिनं केसांवरून पदरासारखी ओढणी फिरवली, पण काही विचारलं नाही. रिक्षा बाहेर उभीच होती.

रिक्षा सुरू झाली, वळली, आणि तिचा आवाज रस्त्याच्या गोंगाटात मिसळून गेला. शालीवरचा हात सरांनी तेव्हा काढला.