आजोबांच्या कबरीची मुदत

जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या आमच्या खेड्यात हेर, म्हणजे श्रीयुत, क्रेडेल रोज सकाळी झारी घेऊन कबरस्तानात जात आणि नातलगांच्या कबरींवरच्या फुलांना पाणी घालत. घराण्याचा इतिहास त्यांनी तिथल्या दगडांवरूनच जुळवला होता. मी त्यांची भाडेकरू, तेव्हा मलाही त्यांनी प्रत्येक पूर्वजाची ओळख करून दिली, अगदी धंद्यासकट आणि स्वभावासकट.

१९६२च्या उन्हाळ्यात त्यांच्या आजोबांच्या दगडावर सूचना चिकटलेली दिसली. इकडे कबरीला मुदत असते. ती वर्षअखेरीस संपणार होती, मग दगड काढून जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. घरातल्या आणखी कुणाला तिथं पुरलं, तरच मुदत वाढणार होती.

हेर क्रेडेल घरी येऊन बायकोला म्हणाले, "एल्झे, आजोबांसाठी कुणीतरी मरायला हवं."

"मला या आठवड्यात जमायचं नाही," फ्राउ क्रेडेल म्हणाल्या. "चेरीचा मुरंबा व्हायचाय. तुमच्या बहिणीला विचारा."

बहिणीनंही नकार दिला.

डिसेंबरात हेर क्रेडेल न्यूमोनियानं गेले. दगड जागेवर राहिला.

"हट्टी माणूस," फ्राउ क्रेडेल म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी सूप पिताना ते एवढंच बोलले होते, "मीठ जरा कमी आहे."