कॅनवरचे ओले पोते

उन्हाळा लागला आणि घरोघरी पाण्याच्या कॅनला ओली पोती गुंडाळलेली दिसली, की ती घटना आजही आठवते.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी फोन आला : पिपरी मेघेच्या पुढे कापसाचे बियाणे तयार करणाऱ्या शेडमध्ये चौकीदाराने एका हमालाला पाण्याऐवजी अ‍ॅसिड पाजले, आदल्या दिवशी दोघांचे भांडण झाले होते. फोन शेडच्या मालकाचाच होता.

सरकीला कापसाची बारीक लव चिकटलेली असते. ती गंधकाम्लाने जाळून काढली, की दाणा सुटा होतो, पेरायला सोपा जातो. मग बी पाण्यात आणि चुन्याच्या निवळीत धुतात. काम उपयोगाचे, पण तेच अ‍ॅसिड माणसाला लागले तर कातडीवर थांबत नाही.

आम्ही पोचलो तोवर हमालाला दवाखान्यात हलवले होते. आपल्याकडे ग्लासाला ओठ न लावता वरून पितात. कळेपर्यंत घोट घशात गेला होता. तो वाचला, पण कित्येक दिवस बोलू शकला नाही. पंचनाम्यात मुख्य वस्तू एकच : सावलीत ठेवलेला, अ‍ॅसिड भरलेला पाण्याचा मोठा कॅन आणि त्याला गुंडाळलेले ओले पोते.

चौकीदार रोहणा गावचा, पन्नाशीचा. ठाण्यात आणल्यावर मी विचारले, "भांडण कशावरून?"

"तो कापसाजवळ बिडी ओढून राह्यला होता साहेब. म्या म्हटलं, तुह्या बापाचं शेड हाय का? तो म्हणे, तुह्या तरी बापाचं हाय का?"

"पोते कोणी गुंडाळले?"

"मीच."

"ओले तूच केलेस?"

"हो साहेब. सकायपासून दोनदा."

मला ती कबुली वाटली. पाणी आहे असे भासावे म्हणूनच ओले पोते! संध्याकाळी बातमीदार आले. भांडणाच्या रागातून चौकीदाराने अ‍ॅसिड पाजले, असे मी सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ते ठळक छापून आले.

त्याच दुपारी ठाण्यामागे आमचे हवालदार जनरेटरच्या डिझेलच्या कॅनला ओले पोते गुंडाळत होते.

"अहो, डिझेलला कशाला?"

"ऊन पाहा ना साहेब. तापलं म्हंजे कॅन फुगते. आता ह्याले कोणी पाणी म्हणून थोडंच पेते!"

ते हसले आणि हसता हसता थांबले. आम्ही दोघेही कोठडीकडे पाहू लागलो.

चौकीदाराला पुन्हा समोर बसवले. या वेळी पोते का गुंडाळले, ते विचारले.

"काऊन म्हंजे? मालक म्हणे, हे उन्हात नोको ठेवू, थंड जागी ठेवजो. थंड कसं ठेवतेत? पोतं गुंडायलं."

"मग काल का नाही सांगितलेस?"

"तुम्ही कुठं इचारलं साहेब?"

मालकाला बोलावले. पिंप उचलायला जड, म्हणून त्यानेच अ‍ॅसिड पाण्याच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून घ्यायला लावले होते. ना चिठ्ठी, ना कुलूप. अ‍ॅसिड त्याच्या मूळ भांड्यात, नाव लिहून, वेगळ्या खोलीत बंद ठेवायचे, हे त्याला ठाऊक होते. पुढे हमालानेही खुणेने सांगितले, की त्याला कोणी पाजले नव्हते; ओले पोते पाहून त्याने स्वतःच ग्लास भरला होता. दोषारोपपत्र मालकावर निष्काळजीपणाचे गेले. चौकीदार सुटला.

कागद दुरुस्त झाले. बातमी तशीच राहिली. बातमीदारांना एक फोन करता आला असता. साहेबाची चूक झाली, हे कोण सांगणार, म्हणून मी केला नाही. पोलिसाने घाईत उच्चारलेला पहिला शब्द दोषारोपपत्रापेक्षा जास्त जगतो, हे या प्रकरणाने मला शिकवले. पण फार उशिरा.

पत्नी गेल्यापासून माझ्या घरात दिवसभर कोणाचा आवाज नसतो. त्या शांततेत हे सारे वर येऊ लागले. गेल्या उन्हाळ्यात बस धरून रोहण्याला गेलो. चौकीदार एकटाच होता. बायको ती बातमी आली त्याच वर्षी माहेरी गेली, ती परतली नाही. दारात रस्त्याच्या कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण भरलेला, वर झाकण, आणि झाकणावर धूळ.

त्याने मला ओळखले. "या साहेब. थकले तुम्ही."

"येते का कोणी तुझ्याकडे?"

"येतेत ना. तहान घरूनच भागवून येतेत."

मी म्हणालो, "त्या दिवशीची बातमी माझ्या बोलण्यामुळे छापून आली, तुझा काही गुन्हा नव्हता. तसे मी आता लिहिणार आहे."

"लिहा. इथले लोक वाचतीन, असं नाई." तो आत गेला, घासलेला ग्लास आणला, रांजणातून भरला. माझ्यापुढे धरण्याआधी मान वर करून त्याने स्वतः त्यातला एक घोट घेतला.

"सवय झाली साहेब. पयले मी पेतो, मंग पाहुणा."

मग त्याने ग्लास माझ्या हाती दिला. मी तो एका दमात रिकामा केला. त्याने तो घोट गिळेपर्यंत माझा हात पुढे झाला नव्हता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले होते.