तिसऱ्यांदा

युसूफ गेला तेव्हा गाडीत मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. नांदेडहून हैदराबादला निघालेली ती गाडी वाटेतूनच माघारी फिरवावी लागली... आखाडा बाळापूरला त्याच्या घरी फोन केला तो मीच. दीड महिना झाला, पण मन जागेवर म्हणून नाही.

युसूफ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. जुनी तार काढायची, नवी भरायची. एकच मोटार त्यानं भरून दिल्यावरही दोनदा जळाली, की तिसऱ्यांदा तो तिला हात लावत नसे. गिऱ्हाईक गयावया करो नाहीतर शिव्या देवो, हा आपला ढिम्म. मी गणिताचा मास्तर, हट्टी माणूस. मी त्याला आळशी म्हणायचो. तो म्हणायचा, "मास्तर, दुसऱ्यांदा मी मोटारीसाठी बसतो. तिसऱ्यांदा बसलो तर ती माझी जिद्द. मोटारीचं त्यात काई ऱ्हात न्हाई."

एका दिवाळीच्या सुट्टीत भूमितीचं एक उदाहरण सुटेना म्हणून मी जेवणावरून उठायचो, बायकोवर खेकसायचो. आठ दिवसांनी युसूफनं विचारलं, "गणित बराबर छापलंय का, ते पाह्यलं का?" आकृतीच चुकीची छापली होती! तो पोट धरून हसला. मला मात्र राग आला, आणि तो त्याचा नव्हता, माझा मलाच आला होता, एवढं आज कबूल करतो.

मग त्याचं लिव्हर गेलं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, सेवा करा. मी दुसरे डॉक्टर गाठले. तेही तेच म्हणाले. मी हैदराबादची गाडी ठरवली. युसूफनं माझं मनगट धरलं. "मास्तर, दोन झाले."

"तू काय मोटार आहेस का रे?" मी ओरडलोच.

त्यानं माझं मनगट सोडलं. ते सोडणं मी होकार धरलं. तेव्हा मला युसूफ हवा होता की हरायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. शकीलाभाभींपुढे हात जोडले. म्हटलं, माझ्या हट्टापायी तो रस्त्यात गेला.

भाभी म्हणाल्या, "तुमी काहून रडता, भाईसाब? त्यांना समदं म्हाईत व्हतं. मला म्हणले, मास्तरला न्हाई म्हणू नको. मी तर चाललो, त्याला मागं ऱ्हायचंय. काई केलंच न्हाई, म्हणून झुरत बसंल."

म्हणजे तो गाडीत चढला तो माझ्यासाठी.

अंगणात लिंबाखाली एक खाट होती, वर धुतलेली चादर. डॉक्टर घरी न्या म्हणाल्याचा निरोप आला त्या दिवशी त्याच्या लेकीनं ती त्याच्यासाठी टाकली होती. अजून कुणी उचललेली नाही. भाभी म्हणाल्या, "बसा न भाईसाब." मी चहा उभ्यानंच घेतला.