झाडाला बांधलेली लाल फीत

बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यामागच्या ओढ्यात एका दगडावर मला एक दुर्मीळ शेवाळ सापडलं होतं, निदान तसा माझा अंदाज होता. नाव नक्की करायचं तर त्याला बीजाणूंची बोंडं येईपर्यंत थांबायला हवं होतं. दगड पुन्हा सापडावा म्हणून मी शेजारच्या झाडाला लाल फीत बांधली आणि बदलापूरला घरी परतले.

पुढच्या खेपेला फीत झाडावर नव्हती. ती पाड्यातल्या एका मावशींच्या हातात होती.

"तूच बांधलीस ना गो? कुना बिल्डरची तू?"

"नाही मावशी. मी शेवाळाचा अभ्यास करते." माझं इंग्रजी शाळेतलं मराठी ऐकून त्यांचा संशय वाढलाच असावा.

"शेवालाचा! तुमच्या बिल्डिंगीत नाय धरत वाटतं?"

त्या हसल्या, पण फीत सोडली नाही. इथे फीत दिसली की मागून मोजणीवाले येतात आणि मग जेसीबी, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

लोक असलं शेवाळ खरवडून नेतात, जागा कोणाला सांगू नकोस, असं माझ्या गाइड मॅडमनी बजावलं होतं. पण नाही सांगितलं, तर धुण्याचे दगड घासताना या बाई तो दगडही घासून टाकतील. शेवटी मी दगड दाखवला आणि भिंग पुढे केलं.

त्यांनी आधी माझी पिशवी उघडून बघितली. मग वाकून बराच वेळ भिंगातून पाहिलं.

"यो नाय घासनार आमी," त्या म्हणाल्या. "पन पुन्ना येशील तवा पयले माझ्या घरी यायचं. आन एकटीनंच."