माती मॅडमचे आठ तास

माती मॅडमनी कुठल्याही अर्जात ‘नम्र विनंती’ हे शब्द कधी लिहिले नाहीत. रजेचा अर्ज असो, काचसामानाची मागणी असो, नाहीतर विद्यापीठाला पत्र असो, पहिली ओळ ठरलेली : ‘मला अमुक हवे आहे. कारण खालीलप्रमाणे.’ प्राचार्यांनी असा एक अर्ज लाल शाईनं खुणा करून परत पाठवला, तेव्हा मॅडमनी त्याच कागदाच्या तळाशी लिहिलं, ‘विनंती उपकारासाठी करतात. रजा नियमात बसते.’ आणि कागद शिपायाच्या हातात परत ठेवला. स्टाफरूममध्ये आम्ही दिवसभर तो शेरा एकमेकांना सांगत होतो. मी तासिका तत्त्वावरचा माणूस. माझ्या अर्जात नम्रता दोनदा यायची.

नारायणगावजवळच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. मूळच्या त्या आणे पठारावरच्या. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालेलं, वडील एसटीत कंडक्टर. वडिलांचं एक वाक्य त्या नेहमी सांगायच्या, “गाडीत जागा रिकामी असंल तर उभं राहायचं न्हाई.” त्यांच्या पर्समध्ये रुमालाशेजारी मातीच्या चार-पाच डब्या असायच्याच. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी मांडवामागच्या शेतातली चिमूटभर माती तळहातावर घ्यायच्या, पाण्याचा थेंब टाकून बोटांनी वळायच्या. त्यावरून पोरांनी नाव पाडलं, माती मॅडम. त्यांनाही ते आवडायचं.

सगळ्याची सुरुवात माझ्या वडिलांपासून झाली. राजुरीत आमचा टोमॅटोचा प्लॉट आहे. एकदा मॅडम घरी आल्या तशी वडिलांनी त्यांना थेट शेतातच नेलं आणि पिवळी पडलेली पानं दाखवली. “म्याडम, दुकानदार म्हनतो झिंक कमी हाये. मी टाकतोय, टाकतोय. मातीच्या रिपोर्टात म्हनत्यात झिंक लई हाये. मंग झाडाला का लागंना? जातंय कुठं?”

मॅडम बांधावर बसल्या, माती वळून बघितली आणि म्हणाल्या, “काका, असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. ते कुणीतरी धरून ठेवलंय. कोणी, ते बघायला लागेल.”

ते बघायला आमची प्रयोगशाळा पुरणार नव्हती. त्यासाठीचं यंत्र दुसऱ्या राज्यात, जत्रेच्या मैदानाएवढं गोल. त्यात इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरवतात आणि त्यातून दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी पट प्रखर एक्स-रे निघतात. मातीतलं झिंक कशाला चिकटून बसलंय, ते त्या किरणांना दिसतं. यंत्र सगळ्या देशानं मिळून वापरायचं. अर्ज करायचा, समिती वाचते, मग वेळ मिळतो. छोट्या प्रयोगांना आठ तासांची एक शिफ्ट.

पहिला अर्ज परत आला. शेरा होता, ‘संस्थेला या तंत्राचा अनुभव दिसत नाही.’ मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला. “अनुभव नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून अनुभव नाही. पोरांनो, हे वर्तुळ वहीत काढून ठेवा, पुढं लई ठिकाणी भेटंल.” दुसरा अर्जही परत आला. या वेळी विचारलं होतं, तुमच्यामागे कोणती मोठी संस्था आहे? मॅडम म्हणाल्या, “मागं कुणी नाही. पुढं मी आहे, ते दिसत नाही का यांना?”

मग मीच खटपट करून पुण्यातल्या एका मोठ्या प्राध्यापकांची भेट ठरवली. त्यांनी अर्ज चाळला, चहा मागवला. “काम चांगलं आहे. प्रमुख म्हणून माझं नाव घाला, तुमचं खाली राहू दे. महिन्यात वेळ मिळवून देतो. खरं सांगू का, तुमच्यासारख्या कॉलेजांनी शिकवण्यावर भर द्यावा.”

मॅडमनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप बशीत नीट ठेवला. “सर, वेळ तुमच्या नावावर मिळाला तर तो तुम्हाला मिळाला. मला कुठं मिळाला?” आणि अर्ज उचलून उठल्या.

परत येताना मंचरच्या स्टँडवर मी धीर करून म्हटलं, “मॅडम, नावात काय आहे? काम झालं म्हणजे झालं. माझ्या वडिलांची पानं पिवळी पडतायत.” त्या गर्रकन वळल्या. चिडल्या की त्यांची भाषा पठारावर जायची. “राव, तुमी पन? नावात काय न्हाई तर त्यांनी त्यांचं काढावं की! माझंच का खाली जायचं दरवेळी?” पुढचे चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी तिसरा अर्ज माझ्या टेबलावर आला. दोन पानं. बारा नमुन्यांचे चार केलेले, पाच प्रश्नांचा एक. झिंक कोणी धरून ठेवलंय? अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आमच्याकडे प्रश्न आहे आणि माती ओळखणारे हात आहेत. यंत्र तुमच्याकडे आहे.’ सहअर्जदार म्हणून माझं नाव होतं. मला वाटलं, हा तर समिती पूर्ण वाचणारही नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं : एक शिफ्ट, सकाळी आठ ते दुपारी चार. माती मॅडम स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला आणि बराच वेळ पदरानं पुसत राहिल्या.

प्राचार्यांनी ‘कामावर समजून’ पाठवायला नकार दिला. मॅडमनी हक्काची रजा घेतली, मीही बिनपगारी घेतली. चारही ठिकाणची माती, त्यात राजुरीची आणि आणे पठारावरचीही, आम्ही वाळवून, चाळून, दाबून तिच्या बटणाएवढ्या वड्या केल्या आणि डब्यात कापूस घालून निघालो.

शिफ्ट सुरू झाली आणि साडेनऊला किरणच गेले. यंत्रात बिघाड. तीन तास आम्ही बंद पडद्यासमोर बसून होतो. एवढ्या उरलेल्या वेळात दोनच नमुने होणार होते. तिथला शास्त्रज्ञ भला माणूस, म्हणाला, बाकीचे पुढच्या वेळी करा. मॅडम उठल्या आणि बाहेर थांबलेल्या पुढच्या गटाकडे गेल्या. मोठ्या संस्थेची सहा माणसं, त्यांना सलग तीन दिवस मिळालेले. त्यांच्या प्रमुखाला मॅडमनी हिंदीत सांगितलं, तुमची वेळ चारला सुरू होते, मला सहापर्यंत बसायचं आहे, माझ्याकडे आजचा एकच दिवस आहे.

तो चकित होऊन म्हणाला, “मॅडम, आप पूछ रही हैं या बता रही हैं?”

“बता रही हूँ.”

तो मोठ्यानं हसला. मग आपल्या माणसांकडे वळला, वेळापत्रक पाहिलं आणि सहापर्यंत दिलं.

राजुरीची माती शेवटी लागली. पडद्यावर रेघ उमटत गेली आणि चुनखडीत अडकलेल्या झिंकची जी रेघ आम्ही तुलनेसाठी ठेवली होती, तिच्यावर जाऊन बसली. मॅडमनी तिथूनच माझ्या वडिलांना फोन लावला. “काका, तुमचं झिंक सापडलं. चुन्यानं धरून ठेवलंय.” पलीकडून आवाज आला, “मंग सोडवा की त्याला!” मॅडम खळखळून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जमिनीत झिंक टाकणं बंद झालं, शेणखत वाढलं, झिंकची फवारणी थेट पानांवर सुरू झाली. पुढच्या लागवडीला पानं हिरवी राहिली. आणे पठारावरच्या मातीतही झिंक चुन्यानंच धरलं असेल, हा मॅडमचा अंदाज मात्र साफ चुकला होता. तेही त्यांनी शोधनिबंधात जसंच्या तसं लिहिलं. निबंध छापून आल्यावर पुण्याच्या त्या प्राध्यापकांनी नमुने मागितले. मॅडमनी उत्तर पाठवलं, ‘माती शेतात आहे. या.’

आमचं कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेला हे मानवलं नाही. परवानगीशिवाय परराज्यात जाऊन कॉलेजचं नाव वापरलं, असा ठपका ठेवला. चौकशीत मलाही बोलावलं. खरं काय ते मला माहीत होतं. अर्जावर कॉलेजचाच शिक्का होता, म्हणजे कॉलेजला सगळं ठाऊक होतं. पण माझी नेमणूक वर्षावर्षाची. मी खाली मान घालून बसलो. हे लिहितानाही मला लाज वाटते. मॅडमची बदली झाली आंबेगावच्या पश्चिमेला, संस्थेच्याच डोंगरातल्या ज्युनिअर कॉलेजवर.

त्या निघाल्या त्या सकाळी मी नारायणगावच्या स्टँडवर गेलो. एक ट्रंक आणि पुस्तकांची पोती. म्हटलं, “मॅडम, तिकडं प्रयोगशाळा नाही म्हणतात.”

“माती असंल ना?”

मी माफी मागू लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. “माफी नको. आज अकराला बीएस्सीचं प्रॅक्टिकल आहे. पोरं येतील. तुम्ही घ्या.” गाडी सुटली. खिडकीतून त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, त्या पुढचा रस्ता बघत होत्या.

कॉलेजात आलो तर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला कुलूप आणि दारात पंधरा-वीस मुलं-मुली अॅप्रन घालून उभी. ऑफिसात गेलो. क्लार्क म्हणाला, नवीन माणूस येईपर्यंत बंद ठेवायला सांगितलंय. मग आवाज उतरवून म्हणाला, “सर, तुमची ऑर्डर अजून निघायचीय. कशाला उगाच?”

भिंतीवरच्या खिळ्याला किल्ली लटकत होती. मी ती काढून घेतली, दार उघडलं आणि मुलांना आत बोलावलं. रसायनशास्त्र मला फारसं येत नव्हतं. वही उघडून आम्ही मिळून वाचलं आणि सुरू केलं.

संध्याकाळी क्लार्क किल्ली मागायला आला. मी दिली नाही.